आधी उत्तर, मग प्रयोग

सतरा वह्या टेबलावर उघड्या पडल्या होत्या. अक्षर प्रत्येकाचं वेगळं, शाई वेगळी आणि आकडे सगळीकडे तेच. पन्नास ग्रॅमला एक पूर्णांक नऊ सेंटिमीटर, शंभरला तीन पूर्णांक आठ, दीडशेला पाच पूर्णांक सात. तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने स्प्रिंगला पन्नास ग्रॅमचं वजन लावलं, गुडघ्यात वाकून डोळा पट्टीच्या रेषेत आणला आणि म्हणाले, “एक पूर्णांक दोन.” मग वजन काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा एक पूर्णांक दोन.

“ही स्प्रिंग कधीची?” त्यांनी विचारलं.

“दिवाळीनंतर आली, सर,” साळुंखे मॅडम म्हणाल्या. भौतिकशास्त्र त्याच शिकवायच्या. “नवीन किटमधली आहे.”

“आणि या वह्यांमधली कुठली?”

हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले, जसं काही बाहेर कुणी उत्तर घेऊन येणार होतं. उत्तर मला माहीत होतं. वह्यांमधली स्प्रिंग मी दिवाळीनंतरच्या आवराआवरीत स्वतःच्या हाताने भंगाराच्या पोत्यात टाकली होती. आणि तिचे आकडे आदल्या दुपारी पोरांना वाचून दाखवले होते तेही मीच.

“मी सांगितलं,” मी म्हणाले.

साहेब वळले. “तुम्ही कोण?”

“शिपाई होते. चार वर्सं झाली रिटायर होऊन.”

“मग इथं काय करताय?”

“माझ्या जागी कुणी आलं न्हाई, म्हणून मीच येते. कागदावर मी हितं न्हाई, साहेब.”

मागच्या बाकावर काजल फिसकन हसली. ती पोर तशीच, कुठेही हसायची. बाकी कुणाला हसू आलं नाही. कारण त्या भेटीवर एक गोष्ट ठरणार होती: आमच्या शाळेतली अकरावी-बारावीची विज्ञान शाखा राहणार की बंद होणार. नव्या पद्धतीने विज्ञान शिकवता येतं असं ज्या शाळा दाखवतील त्यांच्याच शाखा चालू ठेवायच्या, असं वरून आलं होतं. आमची बंद झाली असती तर पोरगे गेले असते सांगलीला, नाहीतर मिरजेला. पोरी गेल्या नसत्या. कवठे महांकाळच्या पुढे आमचं गाव, तिथून आत वाड्या. पहिली एसटी कधी येते ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. पोरींच्या बापांनी अॅडमिशनच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, हितं हाय तवर शिक.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. पण फेब्रुवारी लागला की तो सगळा वैताग अंगावर येतो. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे बेदाण्याचा महिना. गावाबाहेरच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडलेली असतात, गोडसर आंबूस वास वाऱ्याबरोबर घरात येतो आणि त्यात गंधकाची धुरी असली की घसा खवखवतो. शाळेत त्याच महिन्यात प्रात्यक्षिकं. मला हे दोन वास वेगळे काढताच येत नाहीत. एकीकडे बेदाणा, दुसरीकडे स्पिरिटचा दिवा, तापलेल्या रिओस्टॅटच्या तारा आणि वर्षभर कुणी न बदललेलं नळीतलं पाणी. आता मी शाळेत जात नाही. गुडघे नको म्हणतात. पण दुपारी अंगणात बसलं की नादकाटा रबरावर आपटल्याचा आवाज कानात येतो. तो खरा नसतो, हे मला कळतं. शाळा तेवढी जवळ नाही.

माझं शिक्षण चौथी. भौतिकशास्त्र म्हणजे काय ते मला कुणी विचारू नये. पण सव्वीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं आणि लावलं. कुठल्या कपाटाचं दार उचलून घ्यावं लागतं, कुठल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा टिचकी मारल्याशिवाय हलत नाही, कुठल्या मीटरपट्टीचं पहिलं बोट झिजून गेलंय, म्हणून ती दहापासून धरायची, हे सगळं मला ठाऊक. आणि मला उत्तरं ठाऊक होती.

ही उत्तरांची गोष्ट नीट सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आम्ही चोर होतो. आम्ही चोर नव्हतो. आमची पद्धतच तशी होती आणि आसपासच्या कुठल्याही शाळेत वेगळी नव्हती. परीक्षेला बाहेरून सर यायचे. त्यांना त्या दिवशी तीन शाळा उरकायच्या असायच्या. पोराचं रीडिंग पुस्तकातल्या उत्तराजवळ आलं तर गुण, नाही आलं तर “परत कर.” परत करायला वेळ कुणाला? म्हणून आधी उत्तर घ्यायचं, त्यावरून उलटं गणित करत रीडिंग काढायचं, आणि मग वेळ उरला तर प्रयोग करायचा. लोलकाचे आकडे किती येतात, स्प्रिंग किती ताणते, भिंग कुठे ठेवलं की ज्योत स्पष्ट दिसते, याची एक यादी तीन नंबरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. माझ्या आधीच्या शिपायाने लावलेली. मी तिच्यावर दोनदा नवा कागद चढवला. पोरं यायची, “मावशी, किती येतं?” म्हणायची. मी दार उघडून सांगायची. परीक्षक सरांनाही यादी माहीत होती. एक सर तर दरवर्षी यायचे आणि म्हणायचे, “मावशी, तुमच्या शाळेचा आकडा कधी चुकत नाही.” मला त्याचा अभिमान वाटायचा. आज सांगायला लाज वाटते असं नाही. वाटायचा तो वाटायचा.

मग नवा आराखडा आला.

आराखडा कागदावर आला नाही, हेडसरांच्या फोनवर आला. एकशे चाळीस पानं. हेडसरांनी पहिलं पान उघडलं, फोन अडकला, त्यांनी तो साळुंखे मॅडमना दिला. साळुंखे मॅडम मूळच्या विट्याच्या. वय तिशीचं, रोज स्कूटीवरून येणार, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. त्यांचे वडील लांब दक्षिणेत गलाईच्या दुकानात सोनं गाळायचे, तसे विट्याचे पुष्कळ लोक करतात. त्यामुळे या बाईंचं लहानपण तराजूसमोर गेलेलं. आल्या त्या पहिल्याच वर्षी त्यांनी कपाटाच्या दारावरची यादी पाहिली होती आणि मला विचारलं होतं, “मावशी, हे काय?”

“उत्तरं हायती.”

“आमच्याकडं वडिलांसमोर कुणी ‘अंदाजे’ म्हणलं तर ते त्याला दुकानाबाहेर काढायचे,” त्या म्हणाल्या. पण यादी फाडली नाही. नोकरी कंत्राटी होती, दरवर्षी नव्याने ऑर्डर निघायची. कंत्राटी माणूस दारावरचे कागद फाडत नाही.

आराखडा आला तेव्हा मात्र त्या खूश झाल्या. मला वाचून दाखवला. मुलांनी स्वतः करून पाहायचं, स्वतः मोजायचं, चुकलं तर का चुकलं ते लिहायचं, उत्तर पुस्तकातलं आलंच पाहिजे असं नाही. “मावशी, हे खरं विज्ञान,” त्या म्हणाल्या. मी म्हणाले, “मग आधी करत हुते ते काय हुतं?” त्यावर त्या नुसत्या हसल्या.

त्यानंतर वरून जे सुरू झालं त्याला मी काय नाव देऊ. प्रयोगाला प्रयोग म्हणायचं नाही, कृती म्हणायचं. जर्नलला पोर्टफोलिओ म्हणायचं. धडा शिकून पोराला काय आलं त्याला अध्ययन निष्पत्ती म्हणायचं, आणि प्रत्येक निष्पत्तीला नंबर. पोरांनी तासाला प्रश्न विचारायचे, विचारलेल्या प्रश्नांची नोंद ठेवायची, नोंदीचा फोटो काढायचा, आणि फोटोवर दिवस-वेळ-ठिकाण उमटलं पाहिजे. दर गुरुवारी दर पोरामागे एक प्रश्न वर गेला पाहिजे असं ठरलं. पहिल्याच गुरुवारी पोरं माझ्याकडे. “मावशी, काय प्रश्न पडू द्यायचा?”

“मला काय विचारताय रं? तुमाला पडायचाय.”

“पडत न्हाई की.”

हेडसरांनी मार्ग काढला. त्यांनी सतरा प्रश्न स्वतः फळ्यावर लिहिले, नंबर घातले आणि म्हणाले, “उतरवून घ्या. ज्याचा हजेरी नंबर त्याचा प्रश्न.” पोरांनी उतरवून घेतले. काजलचा नंबर तेरा. तिच्या वाट्याला आलं, आकाश निळं का दिसतं. ती म्हणाली, “सर, मला ह्यो पडलेला न्हाई. पूनमचा बदलून द्या, तिचा चांगलाय.” सगळा वर्ग हसला, हेडसर सोडून.

पूनम आणि काजल एका बाकावर बसायच्या, एका साहित्यावर प्रयोग करायच्या. पूनम बोलायची कमी. तिच्या घरची मेंढरं होती. दिवाळी झाली की आईबाप कळप घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठाकडे जायचे, ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवायचे आणि पाऊस पडला की परत यायचे. पूनम चुलतीजवळ राहून शिकायची. काजलचा बाप बेदाण्याच्या शेडवर कामाला. काजल तोंडाची फटकळ, पण हात हलका. व्हर्नियर धरावा तर तिनेच.

नोव्हेंबरात प्रशिक्षणाचं फर्मान निघालं. साताऱ्याला, तीन दिवस, भौतिकशास्त्राचे शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक. आमच्याकडे सहायकाचं पद मंजूर होतं पण माणूस नव्हता. हेडसर म्हणाले, “मावशी, तुमी जावा. खुर्चीत कुणीतरी दिसलं पायजे.” मी म्हणाले, मी चौथी शिकलेली, रिटायर. ते म्हणाले, “तिथं कोण इचारतंय?” कुणी विचारलं नाही हे खरं. गळ्यात नावाचं कार्ड घातलं आणि मला पुढच्या रांगेत बसवलं.

एसटीने जाताना कऱ्हाडच्या अलीकडे उसाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसलेली दिसली. पूनमच्या घरची असतील असं मनात आलं, पण मेंढरं सगळी सारखीच दिसतात.

साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये पंखे होते आठ, चालू तीन. पडद्यावर चित्रं आली आणि गेली. सांगणारे सर तरुण होते, सारखे म्हणायचे, “घोकंपट्टीला निरोप द्या. मुलांना चुकू द्या.” दुसऱ्या दिवशी आमचे गट केले. प्रत्येक गटाला मोठा पांढरा कागद, रंगीत खडू, आणि विषय दिला, ‘नक्कल न करता शिकणे’. चार्ट करा म्हणाले. आमच्या गटातल्या एका सरांनी उठून शेजारच्या गटाचा कागद बघितला आणि येऊन तसाच झाडाचा बुंधा काढला. फांद्यांवर तेच शब्द. मी उठून सगळ्या गटांमधून एक फेरी मारली. सहा कागद, सहाही कागदांवर झाड. साळुंखे मॅडमनी कपाळाला हात लावला. मी मोठ्याने हसले तेव्हा सांगणारे सर म्हणाले, “आजी, तुम्हाला काही सांगायचंय का?” मी म्हणाले, “झाडं चांगली आल्याती.” त्यांनी टाळ्या वाजवल्या.

रात्रीला माझ्या मावसबहिणीकडे उतरले होते. तिचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन आलेले. जेवताना मी सांगितलं की आता पोरांनी आपलं उत्तर आपण काढायचं. ते भाकरी मोडता मोडता थांबले. “आणि चुकलं तर?”

“चुकल्यालं लिवायचं.”

“आमच्यात चुकलं की मैदानाला चक्कर,” ते म्हणाले. “पर एक सांगतो, ताई. नकाशा खोटा लिवला तर तुकडी मरती. रीडिंग खोटं लिवलं तर कोण मरतं?”

कुणी मरत नाही, मी म्हणाले. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

साताऱ्याहून आलो तोवर नवीन किट येऊन पडलं होतं. तीन खोकी. एकात स्क्रू नाहीत, एकात सूचनांचा कागद भलत्याच यंत्राचा. पण स्प्रिंग चांगल्या होत्या, नव्या, ताठ, चकचकीत. साळुंखे मॅडम म्हणाल्या, “जुनी ताणून ताणून मेलेली आहे, टाका ती.” दिवाळीच्या सुट्टीत राहिलेली आवराआवर मी तेव्हा केली. जुनी स्प्रिंग, दोन गंजलेले चिमटे, एक फुटकं नळकांडं पोत्यात. दारावरची यादी मात्र तिथेच राहिली. ती काढायची माझ्या डोक्यातच आलं नाही. सव्वीस वर्षं जी गोष्ट डोळ्यांसमोर असते ती दिसत नाही.

डिसेंबर, जानेवारी मॅडमनी जीव काढला. पण शिकवायला वेळ कुठे होता? आठवड्यातले दोन दिवस त्या तालुक्याला, माहिती भरायला. आमच्याकडे नेट नसायचं. अकरावीची सतरा पोरं, प्रत्येकाच्या पंचवीस निष्पत्ती, प्रत्येक निष्पत्तीला चार पायऱ्यांपैकी एक पायरी. त्या तिकडे पायऱ्या भरत बसायच्या आणि पोरं इकडे रिकामी. खरोखर करून पाहायला सांगणारा आराखडा, आणि तो भरण्यापायी करून पाहणारी बाईच वर्गाबाहेर. मी हेडसरांना हे तोंडावर बोलले. ते म्हणाले, “मावशी, भरलं न्हाई तर शाखाच न्हाई.” तेही खोटं बोलत नव्हते.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी मॅडम तालुक्यालाच होत्या. पोरांच्या वह्यांत स्प्रिंगचा प्रयोग कोरा होता. करायचाच राहून गेला होता. दुपारी सगळी पोरं प्रयोगशाळेत गोळा झाली. कुणाचं तोंड उतरलेलं, कुणी वहीचं पान उगीच दुमडत होतं. काजल पुढे आली.

“मावशी, किती येतं?”

“नव्या पद्धतीत सांगायचं न्हाई म्हणं.”

“मग उद्या शाखा गेली की कुठली पद्धत?” ती म्हणाली. “तुमी सांगा. साहेब काय एवढं बघतोय?”

पूनम म्हणाली, “आपुन आत्ता करू की. अर्धा तास लागंल.”

“सतरा जणांला स्टँड दोन,” काजल म्हणाली. “रात हुईल, पूनाबाई.”

मी दार उचलून उघडलं आणि यादी वाचली. एक पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक आठ. पोरांनी खाली माना घालून लिहिलं. पूनमनेही लिहिलं. शेजारी नवी स्प्रिंग स्टँडला लटकत होती, वाऱ्याने थोडी हलत होती, आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही की हे आकडे तिचे नाहीत.

तर त्या दिवशी साहेबांसमोर मी सांगितलं ते एवढं सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हणजे गेली सव्वीस वर्षं या शाळेत एकाही मुलाने स्प्रिंग मोजलेली नाही.”

“मोजली आसंल की. लिवली न्हाई,” मी म्हणाले.

मग त्यांनी वर्गाकडे बघितलं. “कुणाला करून दाखवायचंय?” काजलने पूनमच्या कमरेत कोपर मारलं. पूनम उठली.

तिने आधी स्प्रिंगचा हूक बघितला, सरळ केला. मग वजनं लावत गेली. पन्नासला एक पूर्णांक तीन वाचलं, लिहिलं. पुन्हा केलं, एक पूर्णांक दोन, तेही लिहिलं. शंभरला दोन पूर्णांक पाच. दीडशेला तीन पूर्णांक सात. मग एकेक वजन काढत उलट्या बाजूनेही मोजलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“पहिल्यांदा एक पूर्णांक तीन, मग एक पूर्णांक दोन. असं का?” साहेबांनी विचारलं.

“डोळा वर राहिला व्हता,” ती म्हणाली.

“आणि वहीतला एक पूर्णांक नऊ?”

“ती दुसरी स्प्रिंग, साहेब. ढिली. आमच्याकडं बकरं घ्यायला व्यापारी येतो, त्येच्या काट्याची स्प्रिंग कडक असती. त्येच्यावर बकरं हलकं भरतं, आमच्या जुन्या काट्यावर त्येच बकरं जड. बकरं तेवढंच असतं. आज्जा म्हणतो, काट्याला इचारायच्या आदी काटाच इचारून घ्यावा.”

साहेब हसले नाहीत. “बरं. मग या नव्या स्प्रिंगचं उत्तर किती यायला हवं?”

सतरा पोरांच्या वर्गात त्या प्रश्नाला एकच उत्तर ठाऊक होतं: मावशीला विचारा. पूनमने माझ्याकडे बघितलंही नाही.

“म्हायीत न्हाई,” ती म्हणाली. “हिचं अजून कुणीच काढल्यालं न्हाई.”

साळुंखे मॅडम खुर्चीत बसल्या. एवढा वेळ त्या उभ्याच होत्या.

कुणाला वाटेल, मग साहेबांनी पाठ थोपटली आणि सगळं गोड झालं. तसं झालं नाही. साहेबांनी बराच वेळ लिहिलं. निकाल असा: सगळ्या वह्या रद्द. सगळे प्रयोग पहिल्यापासून, मार्च संपायच्या आत, खऱ्या रीडिंगने. त्यानंतर पुन्हा तपासणी, आणि शाखेचं तेव्हा ठरेल. तोवर काही नक्की नाही. जाताना मला म्हणाले, “ती यादी काढून टाका.” मी त्यांच्यासमोर नखाने खरवडून काढली. तीन थर होते. खालचा निघता निघेना.

मार्च आमच्याकडे कसा असतो ते इकडच्यांनाच ठाऊक. पत्र्याची खोली, वीज दुपारी जाणारच. पोरं सकाळी सातला यायची. हळूहळू त्यांच्यात भांडणं लागायला लागली, आणि भांडणं कशावरून, तर आकड्यावरून. एक म्हणायचा तुझा लोलक हलताना गोल फिरतोय, दुसरी म्हणायची तू घड्याळ उशिरा दाबलंस. काजल तर पोरांना सोडायचीच नाही. “रं गड्या, त्येला धक्का दिऊ नगंस, नुसतं सोड. लग्नाची वरात न्हाई ती.” मी माठ भरून ठेवायची आणि बसायची. मला कुणी आकडा विचारत नव्हतं. सुरुवातीला ते अंगाला लागलं. खोटं कशाला बोलू.

त्याच महिन्यात काजलचा बाप शाळेत आला. शेडवरूनच आलेला, हाताला बेदाण्याला लावतात त्या तेलाचा वास. त्याने मॅडमना सरळ विचारलं, “शाखा राहणार का जाणार?”

“राहील. आम्ही करतोय सगळं.”

“तसं लेखी द्या.”

“मी कसं लेखी देऊ, दादा? ते वरचे देणार.”

“मग मी तरी कसं थांबू? शेडवर बाया कमी हायत्या. ही पोरगी एक दिस हितं, एक दिस कुठं. कायतरी नक्की पायजे की न्हाई?”

“अवो, एप्रिलपर्यंत दम धरा,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. गावात सगळ्यांना समजलं होतं मी काय केलं ते. “मावशी, तुमी बोलू नगा,” तो म्हणाला. शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मॅडम दोनदा त्यांच्या घरी गेल्या. पूनम एकदा. काजल शाळेत आली नाही ती आलीच नाही. बेदाणा निवडायला बायांच्या रांगेत बसली. मी एकदा मुद्दाम शेडवरून गेले. ती मान खाली घालून बोटांनी देठ काढत होती, झरझर. हात हलका म्हणाले ना मी. मला बघून म्हणाली, “मावशी, ह्येचं रीडिंग किलोत येतं.” आणि हसली. मी पाणी मागितलं, प्यायले आणि आले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरी तपासणी झाली. ते साहेब आले नाहीत, दुसरेच आले. त्यांना पुढे जतला जायचं होतं. वह्यांची चळत टेबलावर होती, सोळा वह्या, खोडलेल्या, डाग पडलेल्या, प्रत्येकीत वेगळे आकडे. त्यांनी एकही उघडली नाही. हेडसरांच्या फोनवर फोटो बघितले, फोटोंवर दिवस-वेळ-ठिकाण आहे का ते बघितलं, चहा घेतला आणि सही केली. अर्धा तासही लागला नाही. शाखा राहिली.

साळुंखे मॅडम वह्या उचलत होत्या तेव्हा मी विचारलं, “ह्यासाठी मार्चभर पोरं भाजली?”

“ह्यासाठी नाही,” त्या म्हणाल्या. आणि वह्या नंबरवार लावून कपाटात ठेवल्या. जूनमध्ये त्यांची ऑर्डर निघाली, निघाली हे विशेष. अजून त्या तिथेच आहेत, स्कूटीवरून येतात.

यंदा पुन्हा फेब्रुवारी. आराखड्यात म्हणे काही बदल आलेत, निष्पत्तींचे नंबर बदललेत. परवा रस्त्यात एक नवी पोर भेटली, अकरावीतली, म्हणाली तुमी प्रयोगशाळेतल्या मावशी ना. मी म्हणाले, “होते.” तिने काही विचारलं नाही. पूनम बारावी होऊन मिरजेला शिकते, चुलतीच्या भावाकडे राहते. शाखा आहे म्हणून ती तिथवर गेली. आणि नव्या पद्धतीचं कुणी माझ्यासमोर कौतुक केलं की मी गप्प बसते, नावं ठेवली तरी गप्प बसते. ती पद्धत चांगली होती का वाईट हे चौथी शिकलेल्या बाईने ठरवू नये. ती आमच्यापर्यंत कशी आली आणि कुणाच्या अंगावर पडली, तेवढं मी पाहिलं.

कागदावर त्या वर्षी नव्या आराखड्याची अंमलबजावणी पूर्ण झाली अशी नोंद आहे, खाली चार मोठ्या लोकांच्या सह्या आहेत. त्यातलं कुणी त्या मार्चमध्ये पत्र्याखाली नव्हतं. साळुंखे मॅडम होत्या. सोळा पोरं होती. मी होते. काजल नव्हती.